खाल्ल्या मिठाला

कोळशाची खाण बंद झाली त्या वर्षापासून
मी गावाबाहेरचा जुना उकिरडा उकरतो.
आयरीन म्हणते, वीस वर्षं जमिनीखाली गेलास,
अजून पोट भरलं नाही तुझं मातीनं?

नाही भरलं.

डर्बीशरच्या ह्या टेकाडाखाली कोळसा,
कोळशावर चिकणमाती,
आणि तिच्यावर मेलेल्या माणसांनी टाकून दिलेलं सगळं:
राख, शिंपले, चिलमींच्या तुटक्या नळ्या, बाहुलीचा एक हात,
आणि शाईच्या बाटल्या.
तपकिरी, बुटक्या, दगडासारख्या.
काचेची बाटली पडली की फुटते.
ही पडली तर फरशीला विचारा काय झालं.

कशी करत, सांगतो.
माती शरदात खणायची, उघड्यावर टाकायची,
हिवाळाभर बर्फाकडून तिचा माज उतरवून घ्यायचा.
मग चाक. चाकाचा दोर पोर ओढतं, पहाटे सहापासून.
बाप फक्त अंगठा लावतो.
अंगठाबहाद्दर म्हणा हवं तर,
लग्नाच्या वहीत त्यानं फुलीच मारलीय;
पण त्या अंगठ्याला ठाऊक होतं
ओठ किती मुडपला म्हणजे शाईचा थेंब
कारकुनाच्या कफावर ओघळणार नाही.
दिवसाला सहाशे ओठ.

मग शिक्का. शाईवाल्याचं नाव,
खाली एकच शब्द, 'इंक'.
पितळेत अक्षरं उलटी कोरलेली,
ओल्या मातीत उतरली की सुलटी.

मग भट्टी, तीन दिवस आणि तीन रात्री,
आणि ऐन धगीत वरच्या भोकांतून
फावड्यानं मीठ.
साधं, खायचं मीठ, चेशरहून बोटीनं आलेलं.
तडतडायचं, वाफ व्हायचं,
आणि ती वाफ बाटल्यांच्या अंगावर काच होऊन बसायची,
संत्र्याच्या सालीसारखी बारीक फोडांची.
गावभर पांढरा धूर.
बायका दोरीवरचे कपडे ओढून घ्यायच्या,
चॅपलात प्रवचन खोकल्यात बुडायचं.
दीडशे वर्षं चिखलात काढली हिनं,
पाण्याचा थेंब अंगात शिरू दिला नाही.
खाल्ल्या मिठाला जागणं ते हेच असावं.

शिरगणतीच्या कागदात मी पाहिलीत
दोर ओढणाऱ्यांची नावं:
एनॉक, वय अकरा. टॅबिथा, दहा. केझाया, नऊ.
पुढची ओळ उंदरांनी खाल्लेली.
रविवारी त्यांना चॅपलात वाचायला शिकवत.
लिहायला नाही. लिहिणं म्हणजे काम,
आणि देवाच्या दिवशी काम म्हणजे पाप.
उरलेले सहा दिवस दोर.

शाई दुसरीकडेच व्हायची,
मायफळ, हिराकस, डिंक,
आणि बुचावर लाख ओतून निघायची
शाळांना, बँकांना, जहाजांना,
कुणाच्या तरी मृत्युपत्राला.
ती गोष्ट मोठ्या माणसांची. ती लिहून ठेवलेली आहे.

माझी गोष्ट परवाच्या मंगळवारची.
एक बाटली निघाली, बुडाला काहीतरी खरवडलेलं,
भाजण्याआधीचं, कारण ओरखड्यातही मिठाची चकाकी.
एक उभी रेघ,
तिला डावीकडे फुटलेले दोन फाटे.
मला वाटलं, कोंबडीचा पाय.
क्लिफर्ड म्हणाला, मोडका काटाचमचा.
भाव विचाराल तर तीन पौंड.

घरी बेसिनमध्ये घासत होतो जुन्या टूथब्रशनं.
पाणी निथळावं म्हणून उपडी धरली,
आणि समोर दाढीच्या आरशात
ते फाटे उजवीकडे वळले.

नळ चालूच राहिला.

गिरवून घेणारं कोण होतं तिला?
हाताशी होता तो शिक्का, पितळेचा, उलटा.
त्यातलं शेवटचं अक्षर, तिच्या नावातलं पहिलं,
जसं दिसलं तसं काढलं तिनं, नखानं,
घाईत,
चाकावरून हाक यायच्या आत.

आयरीन दार वाजवते. एवढा वेळ काय करतोयस आत?
वाचतोय, म्हटलं.